मातीच्या चिलमीवरचा कोळी: मध्य आफ्रिकेतल्या मृण्मय शिल्पांमधले प्राणी

गाळमाती

माझ्या लिहायच्या टेबलावर मातीची एक चिलीम आहे. आपल्या कुंभाराकडे मिळते तशी सरळ नाही, कोपरात दुमडलेल्या हातासारखी वाकलेली. पुढचं रुंद तोंड तंबाखूचं, मागचं अरुंद तोंड लाकडी नळी बसवायचं. रंग काळपट तपकिरी. मुठीत धरली की अंगठ्याला बाहेरची नक्षी लागते. एकाला एक चिकटलेले शंकरपाळ्यासारखे चौकोन आणि प्रत्येक चौकोनाच्या कडेने बारीक कोरलेल्या रेघा.

२०१४ मध्ये नोकरीनिमित्त आम्ही कॅमेरूनमधल्या दुआला बंदरात राहत होतो. फेब्रुवारीत सुट्टी काढून बाफूसामच्या पुढे फुम्बानला गेलो. ही बामुम राज्याची राजधानी. तिथे एका म्हाताऱ्या कारागिराच्या ओसरीवर मी ही चिलीम उचलली आणि नक्षी सुरेख आहे असं म्हणाले. सोबतच्या सहकाऱ्याने ते फ्रेंचमध्ये सांगितलं. आजोबांनी चिलीम माझ्या हातातून परत घेतली, एका चौकोनावर नख टेकवलं आणि रेघा मोजून दाखवल्या. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार. मी जिला नक्षी समजत होते तो कोळी होता. एक नाही, पाठीला पाठ लावून बसलेले अकरा.

त्या दिवसापासून या विषयाने मला सोडलेलं नाही. बरंच वाचलं, काही संग्रहालयांत जाऊन पाहिलं. मराठीत यावर फारसं सापडलं नाही म्हणून हा धागा.

कॅमेरूनच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ गवताळ पट्ट्याला ग्रासफील्ड्स म्हणतात. तिथे लहानमोठी अनेक राज्यं आहेत आणि बहुतेक ठिकाणी राजाला फॉन म्हणतात. राजवाडे, सिंहासनं, मुखवटे, मणीकाम, पितळेचं ओतकाम, सगळीकडे प्राणी दिसतात. मातीत ते सर्वांत जास्त दिसतात चिलमींवर आणि मोठ्या वाडग्यांवर. हत्ती, बिबट्या, रानरेडा, दोन तोंडांचा साप, बेडूक, सरडा आणि हा कोळी.

कोळी का? तर हा जाळं विणणारा घरातला कोळी नव्हे. जमिनीत बीळ करून राहणारा मोठा, केसाळ. पूर्वज जमिनीत पुरलेले, हाही जमिनीत. म्हणजे जिवंत माणसं आणि गेलेली माणसं यांच्यामध्ये ये-जा करणारा हाच. म्हणून त्याला प्रश्न विचारतात. नायजेरियाच्या सीमेजवळच्या मांबिला लोकांमधला हा कौल डेव्हिड झाइटलिन या मानववंशशास्त्रज्ञाने १९८५ पासून अगदी जवळून पाहिला आहे. बिळाभोवती बूड फोडलेलं जुनं मडकं बसवतात. आत एक काठी आणि एक दगड ठेवतात. काठी म्हणजे एक उत्तर, दगड म्हणजे दुसरं. शेजारी खुणा कापलेली पानांची पत्रं रचतात आणि वर झाकण. कोळी बाहेर येतो, पानं विस्कटतो. झाकण काढल्यावर ती कुठे जाऊन पडली, काठीकडे की दगडाकडे, यावरून उत्तर वाचतात. काही ठिकाणी कोळ्याऐवजी खेकड्याकडून हेच काम करून घेतात.

तर प्रश्न असा. इंटरनेटवर 'आफ्रिकन कलेतील प्राणी व त्यांचे अर्थ' अशा याद्या ढिगाने मिळतात. बेडूक म्हणजे सुपीकता, कोळी म्हणजे शहाणपण, हत्ती म्हणजे बळ. हे खोटं नाही. पण आजोबांना मी जेव्हा विचारलं की बिबट्याचा अर्थ काय, तेव्हा त्यांनी मलाच उलट विचारलं, "चिलीम कोणाची आहे?" मला वाटतं सगळी मेख त्या प्रश्नात आहे. प्राण्याचा अर्थ प्राण्यात नसतो, तो बाळगायची परवानगी कोणाला होती यात असतो.

तुमचं मत वाचायला आवडेल. माती हाताळणारं कोणी इथे असेल तर फारच उत्तम.

बोरू

काय सुंदर सुरुवात! वाचतेय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

एक विचारू? चिलीम ओढणं हे राजेपणाचं लक्षण कसं झालं? तंबाखू तर तिकडची नाही.

गाळमाती

बोरू, बरोबर पकडलंस. तंबाखू अमेरिकेतली. युरोपी जहाजांबरोबर सोळाव्या शतकापासून ती आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागली आणि मग आत पसरली. म्हणजे तंबाखूच्या या चिलमींना आपण 'आदिम' म्हणायला लागलो तर फसतो. कोळ्याचा कौल जुना असेल, पण त्याला चिलमीवर बसवायची रीत आपल्याकडे मिरची रुळली साधारण त्याच सुमाराची किंवा त्यानंतरची. परकी वस्तू आली, लोकांनी ती आपलीशी केली आणि आपल्या मानपानाच्या उतरंडीत बसवली.

उतरंड शब्दशः होती. सामान्य बायका-पुरुष साध्या चिलमी ओढत, लहान, फार तर चार रेघा काढलेल्या. मानकऱ्याची चिलीम मोठी, आकृती असलेली. राजाची आणखी मोठी, कधी पितळेची, नळी माणसाच्या उंचीला येईल एवढी. अशी चिलीम एकट्याने पेटवताही येत नाही, दुसरा माणूस लागतो. समारंभात ती हातात असणं हेच महत्त्वाचं, धूर नंतरचा.

पाचोळा

धागा आवडला, पण एका मुद्द्याशी असहमत. 'अर्थ प्राण्यात नसतो' हे जरा ताणलेलं वाटतं. बिबट्या राजाचाच का? ससा का नाही? म्हणजे बिबट्यात काहीतरी आहेच की. लपून बसतो, एकटा शिकार करतो, रात्री फिरतो. जुन्नरकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मी ओतूरचा. बिबट्या आला की गावाचा आवाजच बदलतो.

गाळमाती

पाचोळा, तुमचा मुद्दा मान्य. मी वाक्य घाईत लिहिलं. असं म्हणते: प्राण्याचा स्वभाव हा कच्चा माल. त्याचा अर्थ घडतो तो नियमाने.

नियम असा. ग्रासफील्ड्समधल्या कित्येक राज्यांत कोणी बिबट्या मारला तर तो परस्पर सोलून विकायचा नाही, राजवाड्यावर नेऊन फॉनच्या स्वाधीन करायचा. कातडं त्याचं, दातही त्याचेच. फॉन त्या कातड्यावर पाय ठेवून बसतो. शिकाऱ्याला त्या बदल्यात मान मिळतो. आणि लोक मानतात की फॉन रात्री स्वतः बिबट्या होऊन फिरू शकतो, काही मोठे मानकरीही दुसऱ्या प्राण्यांचं रूप घेऊ शकतात. आता एखाद्या कुंभाराने मातीच्या चिलमीवर बिबट्या काढला, तर तो 'शौर्य' काढत नाहीये. तो राजाचं शरीर काढतोय. ते सहज गंमत म्हणून काढता येत नाही आणि कोणाच्याही हातात देता येत नाही. हत्ती आणि दोन तोंडांचा साप यांचंही तसंच. राजाने परवानगी दिली तरच दुसऱ्याला.

ओतूरच्या बिबट्याला ही चौकट नाही. भीती तीच, प्राणीही तोच. म्हणून म्हटलं, मेख चौकटीत आहे.

पाचोळा

हं. 'राजाचं शरीर' हे पटलं. मग दोन तोंडांच्या सापाचं काय? तसा प्राणी तर नसतोच. आपल्याकडे मांडूळाला दुतोंड्या म्हणतात ते शेपटी तोंडासारखी दिसते म्हणून.

गाळमाती

हा तर सगळ्यांत छान पुरावा, कारण इथे प्राणी नाहीच, फक्त इतिहास आहे. बामुमांचा राजा म्बुएम्बुए, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला. त्याने एकाच वेळी दोन बाजूंनी आलेल्या शत्रूंना हरवलं अशी परंपरा सांगते. तेव्हापासून दोन डोक्यांचा साप हे बामुमांचं राजचिन्ह. दोन्हीकडून डसतो, पाठ कुठून दाखवायची हा प्रश्नच नाही. यादीत 'साप म्हणजे पुनर्जन्म' असं लिहून ठेवणाऱ्याला हे कधीच सापडणार नाही. इथे साप म्हणजे एका विशिष्ट राजाची विशिष्ट लढाई.

मावळतवारा

बर्लिनहून लिहितोय. या सापाला मी दर दोन-तीन महिन्यांनी भेटतो! इथल्या हुम्बोल्ट फोरम या संग्रहालयात बामुमांचं सिंहासन आहे, मांडू येनू नावाचं. राजा न्जोयाने १९०८ मध्ये ते जर्मन सम्राट दुसऱ्या विल्हेल्मला दिलं. मूळचं त्याच्या वडिलांचं, न्सांगूचं. आसनाखाली एकमेकांत गुंतलेले दोन तोंडांचे साप, सगळे काचमण्यांनी मढवलेले. ते भेट म्हणून दिलं की दबावाखाली दिलं यावर इकडे अजून वाद चालतो. कॅमेरून तेव्हा जर्मनांची वसाहत, आणि त्यांचा सम्राटच मागतोय तेव्हा 'नको' म्हणायची सोय किती होती, हे ज्याचं त्याने ठरवावं. माझं मत विचाराल तर ते फुम्बानला असायला हवं.

मातीकाम मात्र काचेआड कोपऱ्यात असतं. लोक सिंहासनापाशी थांबतात, चिलमींपाशी थांबत नाहीत. गाळमाती, तुमचा धागा वाचून काल मुद्दाम चिलमींपाशी थांबलो. एकीवर गाल फुगवलेला माणूस, डोक्यावर टोपी, आणि टोपीवर तेच शंकरपाळे. कडेच्या रेघा मोजल्या. चार आणि चार. अंगावर काटा आला.

बोरू

न्जोया म्हणजे तोच ना ज्याने स्वतःची लिपी तयार केली? मला लिपीमुळे तो माहीत होता, चिलमींमुळे नव्हे.

गाळमाती

तोच. १८९६ च्या सुमारास लिपीचं काम सुरू केलं, आधी चित्रखुणा, मग कमी करत करत अक्षरं. १९१७ मध्ये फुम्बानचा विटांचा राजवाडा पुरा झाला, तो मी पाहिला. पुढे तो भाग जर्मनांकडून फ्रेंचांकडे गेला, त्यांनी त्याला याउंदेला (आजची देशाची राजधानी) हद्दपार केलं आणि १९३३ मध्ये तो तिथेच वारला.

आणि एक बातमी, जी वाचून मला फार बरं वाटलं. फुम्बानला बामुम राजांचं नवं संग्रहालय एप्रिल २०२४ मध्ये उघडलं. इमारतच कोळी आणि दोन तोंडांच्या सापाच्या आकाराची आहे. जे माझ्या अंगठ्याखाली मावतं ते आता माणसं आत चालत जातील एवढं झालं. मी अजून पाहिलेलं नाही. जायचं आहे.

कुंभारवाडा

नमस्कार. मी जातीने आणि धंद्याने कुंभार, कोल्हापूरकडचा. मुलीने हा धागा दाखवला. इथे पहिल्यांदाच लिहितोय.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. चाक वापरतात का? भाजतात कशात? आणि घडवतं कोण, गडी का बाया?

गाळमाती

काका, तुम्ही लिहिलंत याचा खूप आनंद झाला. याच प्रश्नांची वाट पाहत होते.

चाक पारंपरिक कामात नाही. भांडं मातीच्या वळ्या एकावर एक रचून, हाताने चोपून वर चढवतात. चिलीम तर पूर्ण हातानेच. भाजणं उघड्यावर, आवा (भट्टी) बांधत नाहीत. सुकं गवत, लाकूड, साल रचून पेटवतात, त्यामुळे एकाच भांड्यावर तांबूस आणि काळे डाग दोन्ही येतात.

कोण घडवतं हे जागोजागी वेगळं. मध्य आफ्रिकेत बहुतेक ठिकाणी रोजची भांडी बायका घडवतात. पण ग्रासफील्ड्समध्ये आकृती असलेल्या चिलमी पुरुषांचं काम. न्डोप पठारावरचं बामेसिंग हे गाव त्यासाठी नावाजलेलं. मला तिथे जायचं राहिलं, आणि आता २०१७ पासून त्या भागात सरकार आणि फुटीर गट यांच्यात जो संघर्ष पेटलाय त्यामुळे वाट बिकट झाली. तिथल्या लोकांचं काय होत असेल हा विचार माझ्या मनातून जात नाही.

उत्तरेकडे मांदारा डोंगरांत आणखी वेगळं. तिथल्या माफा लोकांत लोहाराची बायको हीच कुंभारीण. नवरा लोखंड तापवतो, बायको माती. बाळंतपणंही तीच करते. त्यांच्याकडे मडकं हे माणसासारखंच मानतात, त्याला मान, पोट, पाठ असते आणि त्यावरची नक्षी ही अंगावरच्या गोंदणासारखी. आतल्या जिवाचं रक्षण करणारी.

कुंभारवाडा

मान, पोट, बूड हे आमच्यातही म्हणतातच. मडक्याला 'ओठ' पण म्हणतात.

आमच्याकडे बेंदराला मातीचे बैल करतो. हजारभर जोड्या जातात अजून. मग ही चिलमीवरची जनावरं त्यातलीच म्हणायची का?

गाळमाती

काका, मला वाटतं नाही, आणि का नाही हे पाहण्यासारखं आहे. बेंदराचा बैल हा आपल्या गोठ्यातल्या बैलाचा मान. ज्याने वर्षभर राबून दिलं त्याची एक दिवस पूजा. ज्याच्या घरी बैल नाही तोही मातीचा आणून पुजतो. तो सगळ्यांचा असतो, कोणीही घ्यावा.

ग्रासफील्ड्सच्या चिलमींवर बहुतेक जनावरं रानातली किंवा बिळातली आहेत. शेळी, कोंबडी घरोघर असूनही त्यांना हा मान नाही. जे माणसाच्या ताब्यात नाही त्यालाच तिथे किंमत, आणि ते आपल्या ताब्यात आहे असं सांगायचा हक्क थोड्यांनाच. मातीचे दोन प्राणी दिसायला सारखे, पण एक कृतज्ञतेचा आणि एक अधिकाराचा. नातं जुळवायची घाई करू नये असं मला वाटतं.

सुगरणपक्षी

कांगो-अंगोलाच्या बाजूचं कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. मातीच्या मडक्याच्या झाकणाबद्दल आहे. झाकण लाकडी, तेव्हा धागाकर्तीने चालवून घ्यावं.

काबिंडा आणि कांगो नदीच्या मुखाजवळ वोयो लोक राहतात. त्यांच्यात मुलगी सासरी जाताना तिच्या सोबत कोरीव झाकणं देत. प्रत्येक झाकणावर प्राणी, वस्तू, शिंपले कोरलेले, आणि प्रत्येक आकृतीमागे एक म्हण. नवरा इतर पुरुषांबरोबर बसून जेवायचा. बायकोला तक्रार असेल तर ती त्या दिवशी जेवणाच्या मडक्यावर नेमकं ते झाकण ठेवून पाठवायची. सगळ्या पंगतीसमोर. मग जमलेले लोक म्हण ओळखायचे, आणि नवऱ्याला उत्तर द्यावं लागायचं. भांडण जेवणाच्या आत मिटवायची वेळ यायची.

तोंडातून शब्द न काढता, पक्ष्याच्या किंवा कासवाच्या आकृतीतून भर पंगतीत जाब विचारणं! आपल्या जात्यावरच्या ओव्यांत बायका जे बोलून घेत तेच हे, फक्त तिथे ऐकणाऱ्याला टाळता येत नव्हतं.

गाळमाती

सुगरणपक्षी, लाखमोलाचा प्रतिसाद. पाचोळा, पाहिलंत? तिथे पक्ष्याचा अर्थ 'स्वातंत्र्य' वगैरे नाही. तो कुठल्या म्हणीतला पक्षी आहे, आणि झाकण आज कोणी कोणापुढे ठेवलं आहे, हे कळलं तेव्हाच अर्थ.

कांगोच्या मातीकामात मात्र प्राणी त्या मानाने कमी. ईशान्येकडच्या मांगबेटूंची प्रसिद्ध भांडी माणसाच्या डोक्याची आहेत, लांबट कवटी आणि पंख्यासारखी केशरचना. मुबा गावचा वोआनिया नावाचा कुंभार होता, १९२८ मध्ये वारला. तोही भांड्यांवर माणसंच बसवायचा, आणि मातीवर आपलं नाव कोरायचा. आफ्रिकेतल्या जुन्या कुंभारांपैकी ज्यांचं नाव आपल्याला ठाऊक आहे असे फार थोडे, त्यांत हा एक.

पाचोळा

पटत चाललंय. पण मग जिथे ना म्हण शिल्लक, ना राजा, ना विचारायला कोणी आजोबा, तिथे काय करायचं? नुसती जमिनीतून निघालेली मूर्ती असेल तर?

गाळमाती

हाच प्रश्न चाड सरोवराकाठच्या साओ मूर्तींपुढे पडतो. थोडं सविस्तर लिहिते, मला हा भाग सर्वांत जवळचा आहे.

शारी आणि लोगोन या नद्या एकत्र होऊन चाड सरोवराला मिळतात त्या सपाट पुराच्या प्रदेशात, आजच्या चाड, कॅमेरून आणि नायजेरियाच्या हद्दीत, शेकडो पांढरीची टेकाडं आहेत. माणसं एकाच जागी पिढ्यानपिढ्या मातीची घरं बांधत, ती ढासळली की त्यावर पुन्हा बांधत, म्हणून जमीन उंचावत गेली. १९३६-३७ मध्ये फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ मार्सेल ग्रिओल यांची मोहीम तिथे गेली. त्यातले झां-पॉल लबफ पुढे कित्येक वर्षं तिथेच खोदत राहिले. मिडिगे, टागो, गावी अशा जागांतून हजारो वस्तू निघाल्या. जाळ्याला बांधायचे मातीचे लोढणे, दागिने, ओतीव धातूच्या वस्तू, प्रेत उकिडवं बसवून पुरलेले प्रचंड रांजण, आणि मूर्ती.

मूर्ती अशा: धड नुसतं खुंटासारखं, पाय नाहीत किंवा नावापुरते. डोळे चिरेसारखे, फुगून पुढे आलेले. ओठ पुढे. गालांवर रेघा. आणि त्यांत काहींचं तोंड माणसाचं नाही, लांब मुस्कट आहे, शिंगं आहेत. लबफ यांनी यांना मुखवटा घातलेले नर्तक म्हटलं, आणि मानवी चेहऱ्यांच्या काहींना देवत्व पावलेले पूर्वज. म्हणजे मातीत प्राणी नाही घडवलेला, प्राण्याचा मुखवटा घालून नाचणारा माणूस घडवलाय. नाच संपला, लाकडाचा किंवा पानांचा मुखवटा कुजला, माती तेवढी उरली.

'साओ' हे नावही त्यांनी स्वतःला दिलेलं नाही. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात चाड सरोवराजवळच्या बोर्नू या मुस्लिम राज्याचा राजा इद्रिस अलूमा याने त्यांच्यावर स्वाऱ्या केल्या, त्याचा इमाम अहमद इब्न फार्तुवा याने त्या लिहून ठेवल्या. जिंकणाऱ्यांनी इस्लाम न मानणाऱ्या अनेक जमातींना मिळून हे एक नाव दिलं. आज त्याच गावांत राहणारे कोटोको लोक त्यांना आपले पूर्वज मानतात आणि सांगतात की साओ राक्षसासारखे उंच होते, नदीतले मासे हातानेच पकडायचे. रांजण पाहून ती कथा किती खरी वाटत असेल!

तर पाचोळा, तिथे काय करायचं? तिथे मूर्ती सापडलेली जागाच आजोबांचं काम करते. ती घरात होती की कबरीत, चुलीजवळ की कोटाच्या दाराशी, एकटी की घोळक्यात, तिच्या भोवती राख होती की माशांचे काटे. खोदणाऱ्याने हे नीट टिपलं तर मूर्ती बोलते.

मावळतवारा

आणि नेमकं तेच चोरीत नष्ट होतं. २००० मध्ये आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने आफ्रिकेतल्या धोक्यात असलेल्या पुरावस्तूंची लाल यादी काढली, त्यात साओ म्हणवल्या जाणाऱ्या मृण्मय आणि धातूच्या वस्तू आहेत. नायजेरियातल्या नोक, इफे इथल्या प्रसिद्ध मूर्तींच्या पंगतीत. लिलावात मूर्ती येते ती काळ्या कापडावर, सुरेख प्रकाशात, आणि खाली लिहिलेलं असतं 'शिंगधारी आकृती'. कुठल्या टेकाडातून, किती खोलीवरून, शेजारी काय होतं, सगळं गेलेलं. थर्मोल्युमिनेसन्स चाचणीने फार तर माती शेवटची कधी भाजली ते कळतं. अर्थ कळत नाही. अशी वस्तू घरी ठेवणाऱ्याला मी संग्राहक म्हणत नाही.

बोरू

मग गाळमाती, तुझी चिलीम?

गाळमाती

विचारायलाच हवं होतं. माझी नवी आहे. आजोबांनी ती स्वतः केली होती, त्यांनीच दिली, विकत दिली.

पण त्याआधी त्याच दौऱ्यात मी एका दुकानातून दुसरी एक घेतली होती, 'शंभर वर्षं जुनी, एका सरदाराच्या घरातली' म्हणून बऱ्याच पैशांना. आजोबांना दाखवली. त्यांनी ती उन्हाकडे धरून तंबाखूच्या तोंडातून आत पाहिलं, मग मला पाहायला लावलं. बाहेरून धुराने काळी केलेली, आतून मात्र स्वच्छ, भाजल्या मातीचा तांबूस रंग जसाच्या तसा. तिच्यात कधी निखारा पडलाच नव्हता. नळीचं भोकही कोरं, एकदाही लाकूड घासलेलं नाही. ओढलेल्या चिलमीच्या आत काजळीचा कडक थर बसतो, तो नखाने निघत नाही. आणि वर बिबट्या होता, शेपूट वर केलेला. आजोबा म्हणाले, ज्याने हा केला त्याने कोणाला विचारलं नाही.

दुकानदाराचा मला राग आला होता. आज वाटतं, बरं झालं ती खोटी निघाली. खरी असती तर कोणाच्या तरी राजाचं शरीर मी पिशवीत घालून आणलं असतं.

पाचोळा

+१. शेवटच्या दोन ओळींसाठी.

बेडकाचं राहिलं. की तो खरंच नुसता सुपीकतेचा?

गाळमाती

बेडूक खरंच सुपीकतेचा, तिथे यादी बरोबर आहे. पाऊस पडला की शेकड्याने येतो, म्हणून भरभराट, लेकरंबाळं. पण तोही बघा कुठे बसतो. मेजवानीच्या मोठ्या वाडग्यांवर, ज्यातून मानकरी पाहुण्यांना वाढतो. 'माझ्या घरी पुष्कळ आहे' हे बेडूक सांगतो, आणि ते म्हणण्याची ज्याची ऐपत त्याच्याच वाडग्यावर.

कुंभारवाडा

ताई, तुमचा कोळी डोक्यात बसला होता. गेल्या आठवड्यात करून पाहिला.

चाकाला हात लावला नाही. आमची नेहमीची माती, राख आणि लीद घालून मळलेली. चिलमीचा बाक जमायला तीन खेपा गेल्या, वाकवताना आतल्या बाजूला सुरकुत्या पडून चिरते. मग ओलसर फडक्यात गुंडाळून ठेवली, जराशी घट्ट झाल्यावर वाकवली, तेव्हा राहिली. कोळी आधी वेगळा केला, गोल अंग आणि मातीच्या शेवयांचे आठ पाय, पातळ चिखलाने चिकटवला. सावलीतच वाळवला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा पाय खाली पडलेले. बारीक पाय आधी वाळतात, आधी आवळतात, आणि जाडं अंग मागे राहतं. आवळलं की सुटणारच.

दुसऱ्या खेपेला अंग चपटं केलं आणि पाय चिकटवायच्या ऐवजी काडीने कोरले. मग शेजारचा कोळी जवळ घेतला, म्हणजे एकाचे पाय संपतात तिथे दुसऱ्याचे सुरू. गोल अंग शेजारी शेजारी बसेना, मधे माती उगीच जाड राहत होती. कोपरे काढले तसे बसले. चौकोन झाले. तुमच्या शंकरपाळ्या.

तेव्हा माझ्या मताने तो चौकोन कोणी ठरवून काढलेला नाही, मातीनेच काढून घेतलाय. अर्थ राजाचा असेल, आकार मातीचा.

भाजताना आवा बंद न करता गवतातच भाजली, तुम्ही सांगितलं तशी. एक फुटली, एक राहिली. एका बाजूला काळी, एका बाजूला तांबूस.

गाळमाती

काका, वाचून डोळे भरून आले. दहा वर्षं मी त्या रेघा मोजतेय आणि त्या कोरलेल्याच का आहेत, चिकटवलेल्या का नाहीत, हा विचार मला एकदाही शिवला नव्हता.

आत्ता उठून माझी चिलीम भिंगाखाली धरली. दोन कोळ्यांच्या मधली रेघ एकच आहे. एकाचा शेवटचा पाय तोच दुसऱ्याचा पहिला. म्हणजे अकरा कोळ्यांना मिळून अठ्ठ्याऐंशी पाय नाहीतच. परत मोजायला बसते, आकडा इथेच टाकते. तुमच्या राहिलेल्या चिलमीत किती पाय सामाईक निघतात तेही मोजून सांगाल का?